अव्वानं आणलेला अमोनाइट

मी भूशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या शिरूर अनंतपाळला तो विषय कुणाला समजावून सांगणं अवघड होतं. अप्पांचं किराणा दुकान होतं. पोरगी नांदेडला काय शिकायली, असं गिऱ्हाइकानं विचारलं की अप्पा 'जमिनीचं' एवढंच सांगत. मग मी शेतकी कॉलेजात आहे असा सगळ्यांनी समज करून घेतला होता. वर्गात मुलगी मी एकटीच होते.

दुष्काळाच्या साली आमची सहल ठरली ती थेट मद्रासच्या खाली, तिरुचिरापल्लीच्या अलीकडच्या माळरानावर. तिथं कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्र होता आणि त्यातले प्राणी आता दगड होऊन जमिनीवर सापडतात, असं सरांनी सांगितलं होतं. मला अमोनाइट हवा होता. मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळं घातलेला शंख तो. शाळिग्रामाच्या पोटात जे चक्र दिसतं ते याच प्राण्याचं. त्याचं चित्र मी पुस्तकावरून कितीदा तरी काढलं होतं. प्रत्यक्ष मात्र कधी हातात घेतला नव्हता. आमच्याकडचा सगळा काळा दगड लाव्हाचा, त्यात तो मिळणं शक्यच नव्हतं.

सरांची एकच अट होती. मुलगी येणार असेल तर तिच्याबरोबर घरातलं एखादं मोठं बाईमाणूस हवं. मी गावी जाऊन हे सांगितलं तेव्हा विषय तिथंच संपणार, असं मी धरून चालले होते. दुकानात माल येत नव्हता. आडाचं पाणी पोहऱ्यात गाळासकट यायचं. गावातली निम्मी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. अप्पा म्हणाले, असल्या दिवसांत दगड बघायला एवढ्या लांब जातं का कुणी?

अव्वा चुलीपुढं बसली होती. माझी आई, आमच्यात आईला अव्वा म्हणतात. ती शिरूरच्या पलीकडं उदगीरपर्यंत गेली असेल तेवढीच. तिनं मागं न वळता सांगितलं, "म्या जाते हिच्यासंगं. हितं तरी काय करायलाव? चूल एका वखताला पेटायली."

अप्पा उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून दिली.

नांदेडच्या स्टेशनवर वर्गातली मुलं अव्वाला बघून जरा आखडली. आपल्या सहलीत आता काही मजा उरली नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अव्वानं ज्वारीचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. हैदराबाद येईपर्यंत मुलांचं आखडणं निम्मं कमी झालं आणि मद्रासला गाडी बदलताना तिची पेटी कोण उचलणार यावरून दोघांत ओढाओढ झाली. आम्ही एका शाळेच्या खोल्यांत उतरलो. सकाळी ती गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करी आणि तोवर मुलं बाहेर आवाज न करता थांबत. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

माळ म्हणजे नुसत्या घळी होत्या. पिवळी, तांबूस माती पावसानं चिरत नेलेली, झाड औषधाला नाही. सरांनी आम्हाला शोधायची रीत दाखवली. मातीत गोलाई दिसली की थांबायचं, हातोडी लगेच उगारायची नाही. पहिल्या दिवशी मला नुसते तुकडे मिळाले, बोटाच्या पेराएवढे, वर बारीक कंगोरे असलेले. तरी मी एकेक पुसून रुमालात बांधला. अव्वा घळीच्या काठाला पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. एक तुकडा मी तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटापालटा केला आणि सरांना विचारलं, "हितं पाणी किती व्हतं, गुरुजी?"

सर म्हणाले, हत्तीवर हत्ती उभे केले असते तरी बुडाले असते.

"मंग गेलं कुठं?"

जमीन उचलली गेली, समुद्र मागं सरला, असं सरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. अव्वा समोरच्या कोरड्या रानाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे हे बी दुष्काळाचंच गाव की."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. हो, तसंच म्हणा, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती काठाला बसेना. आमच्याबरोबर घळीत उतरू लागली. चुकायचीही पुष्कळ. साधे गोटे ओटीत भरून आणायची. सर एकेक बघून 'हा नाही' म्हणत आणि ती निमूटपणे टाकून द्यायची. मुलं तिला 'आई, इकडं बघा' म्हणून हाका मारू लागली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली. घळीच्या उभ्या भिंतीत, कमरेएवढ्या उंचीवर, भाकरीच्या काठासारखी एक कड बाहेर आली होती. तिला वाटलं फुटक्या मडक्याचं खापर असेल. मी गुडघ्यांवर बसले आणि फुंकर मारली. माती गेली तसे कंगोरे दिसले, एकामागं एक, आत आत वळत गेलेले.

सर धावत आले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून माती खरवडली. तो निघाला तेव्हा तीन तुकड्यांत होता, पण वेटोळं पुरं होतं, जेवायच्या ताटाएवढं. सरांनी इतक्या वर्षांच्या सहलींत एवढा मोठा काढला नव्हता, हे त्यांनीच सांगितलं. अव्वानं आपलं जुनं लुगडं फाडून एकेक तुकडा गुंडाळला आणि मधला, सगळ्यात जड तुकडा परतीच्या सगळ्या प्रवासात मांडीवर ठेवला. मुलांनी मागितला तरी दिला नाही.

जोडलेला अमोनाइट कॉलेजच्या कपाटात गेला. खाली चिठ्ठी लावायची होती, शोधणाऱ्याच्या नावासकट. सरांनी मला अव्वाचं पूर्ण नाव विचारलं आणि स्वतःच्या हातानं लिहिलं. एक छोटा, सुपारीएवढा, त्यांनी तिच्यासाठी दिला. तो बघून अप्पा तिला म्हणाले, लोक धान्य आणायलेत, तू दगड आणलास. पण आठवड्याभरात तो दगड दुकानात तराजूशेजारी दिसू लागला आणि आलेल्या प्रत्येकाला अप्पा त्याची हकीकत सांगत होते, जणू स्वतःच जाऊन आले होते.

पुढं मी लातूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास लातुरात मोठं प्रदर्शन भरलं. रेणापूरची ज्वारी, मुरुडचा गूळ, बैलांची सजावट, असलं सगळं. मी जीवाश्मांचं टेबल मागितलं. नव्या जिल्ह्याशी याचा काय संबंध, असं विचारून आयोजकांनी एका कोपऱ्यात जागा दिली. नांदेडहून मोठा अमोनाइट मी दोन दिवसांसाठी मागून आणला. अव्वाही आली. तोवर तिचे केस पिकले होते. ती टेबलामागं खुर्चीवर बसली आणि उठायलाच तयार नव्हती.

एक अधिकारी आले. नव्या जिल्ह्यात बदलून आलेले, तरुण. त्यांनी विचारलं, हे आपल्या लातूरचं आहे का? मी उत्तर जुळवत होते. खरं तर नव्हतंच ते लातूरचं.

अव्वा म्हणाली, "न्हाई साहेब. आपल्याकडं समुद्र न्हवता. मंग आम्ही मायलेकी जाऊन आणलाव."

अधिकारी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. तिनं त्यांना घळी, पाणी, तीन तुकडे, सगळं सांगितलं. भोवती गर्दी जमली. मी मागं उभी होते आणि मला मध्ये एकही शब्द घालावासा वाटला नाही. माझ्या नोकरीचा, पदवीचा कधी वाटला नसेल एवढा अभिमान मला त्या दुपारी वाटला, आणि तो मी लपवलाही नाही. माझी आई आहे ही, असं शेजारच्या अनोळखी बाईला मी आपणहून सांगितलं.

त्या वर्षी आमच्या विषयाला तीन मुलींनी नाव घातलं. एकीचे वडील चौकशीला आले. सहलीला बरोबर मोठं बाईमाणूस कोण असतं, असं त्यांनी विचारलं. मी असते, असं मी सांगितलं.