कॅमेऱ्यापुढचा चेहरा

काल मैत्रीण कॉलेजच्या फाटकापाशी आमचा फोटो काढत होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली, म्हणून बाबा मुद्दाम सोबत आले होते. ऐन क्षणी त्यांनी नकळत मान फिरवली आणि मला अंधेरीचा तो सेट आठवला.

मी सहावीत होते. वर्षानुवर्षं हिरोच्या जागी उंचावरून उड्या मारणाऱ्या बाबांना, गुडघा निकामी झाल्यावर, एका मालिकेत वडिलांचं छोटं काम मिळालं होतं. त्यांच्या अंगाला मलमाचा वास येत होता. कॅमेरा सुरू झाला की ते तोंड फिरवत.

“अरे दादा, थोबाड इकडे कर ना! नाहीतर दुसरा माणूस बघतो,” दिग्दर्शक वैतागला.

“आमचा चेहरा दिसला की शॉट वाया जायचा, साहेब. सवय जात नाही,” बाबा पुटपुटले. मग मला म्हणाले, “तू कॅमेऱ्यामागे उभी राहा गं. तुझ्याशीच बोलतो.”

माझ्याकडे बघत ते म्हणाले, “घरी चल, बाळा.” दिग्दर्शकानं लगेच शॉट ओके केला. काम टिकलं. मला तेव्हा तो खेळ वाटला होता.

काल मी मैत्रिणीकडून मोबाईल घेतला. “बाबा, माझ्याकडे बघा ना.”

त्या फोटोत मी नाही. बाबांचा चेहरा मात्र पूर्ण आला आहे.