रूपराव वाइंडिंगवाल्याची गिटार

शेतातली मोटार जळाली की सिंदी मेघेच्या आसपासची माणसं ती दुचाकीवर बांधून सरळ रूपराव ताकसांडेच्या दुकानात आणतात. दुकानाची पाटी कधीच पुसली गेली आहे, पण त्याने काही अडत नाही. रूपराव मोटारीजवळ वाकून वास घेतो आणि ती उघडायच्या आधीच सांगतो, ही कोरडी चालून जळाली की हिच्यात पाणी शिरलं. आता त्याने साठी ओलांडली. डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, पहिल्या पेराशीच संपतात. गिऱ्हाइकांना त्यात नवल वाटत नाही. यंत्राशी खेळणाऱ्याचं एखादं बोट जायचंच, असं ते धरून चालतात. पण त्या दोन बोटांबरोबर आणखी काय गेलं, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक सेलूचा भैय्याजी आणि दुसरा रोहण्याचा तानबा.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. रूपराव तेव्हा आयटीआय करून वर्ध्यातल्या एका वाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या, दुकानात हाताखाली लागला होता. सेलूच्या एका व्यापाऱ्याच्या तेलघाणीची मोटार बसवायला त्याला पाठवलं. मोटार बसवून तो हात पुसत होता, तेवढ्यात मागच्या सरकीच्या गोदामातून आवाज आला. तो आवाज त्याने रेडिओवर शेकडो वेळा ऐकला होता, पण जवळून कधीच नाही. आत जाऊन बघतो तर त्याच्याच वयाचा एक मुलगा पोत्यांवर बसून गिटारशी झटापट करत होता. हा त्या व्यापाऱ्याचा मुलगा, भैय्याजी. गिटार त्याने नागपूरहून आणली होती, आणि शिकवणारं सेलूत कोणी नव्हतं.

"तुले येते का?" भैय्याजीने विचारलं.

"नाई," रूपराव म्हणाला. त्याची नजर तारांवर नव्हतीच, तारांखालच्या डबीवर होती. "पण हा आवाज कुठून येऊन राह्यला ते समजलं मले. आत चुंबक हाय आन् त्याच्यावर तार गुंडाळेल हाय. ही तर आमची मोटारच हाय, भाऊ!"

त्या दिवशी त्याने सुतळीने गिटारची लांबी-रुंदी मोजून घेतली. महिन्याभरात स्वतःची गिटार तयार केली. सागाची जुनी फळी, सायकलच्या चाकातल्या ताड्या, म्हणजे आऱ्या, कापून केलेल्या पट्ट्या, बिघडलेल्या स्पीकरमधलं चुंबक, आणि त्यावर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे पाच हजार वेढे. पहिली तार तुटली तेव्हा नागपूरला जायला सवड नव्हती, म्हणून त्याने ब्रेकच्या वायरीतला एक धागा काढून लावला. आवाज जरा खरखरीत यायचा. पण यायचा.

दर रविवारी सकाळी तो चादरीत गुंडाळलेली गिटार पाठीवर बांधून सायकलने सेलूला जायचा. पहिल्या रविवारी आतून चहा आला तो भैय्याजीला कपात आणि रूपरावला स्टीलच्या गिलासात. असे गिलास रूपरावने आधीही पाहिले होते. पुढच्या रविवारी भैय्याजी स्वतः आत गेला आणि दोन गिलास घेऊन आला. त्यानंतर त्या गोदामात कप कधी आलाच नाही. भैय्याजीच्या वडिलांना, बापूजींना, हा सगळा धांगडधिंगा वाटायचा. तरी रविवारी सकाळी सरकी भरायची नाही, हे हमालांना त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मुलाला मात्र ते बरेच दिवस कळलं नाही.

वर्षभराने तानबा आला. आर्वीकडच्या रोहण्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकत होता. गळा असा की काळी दोनच्या पट्टीत वरचा षड्ज सहज लावायचा आणि वर म्हणायचा, "अजून चढवू का?" ढोलकीवाला सेलूतच मिळाला. भैय्याजीने जाड तारांची गिटार घेतली आणि रूपरावला पुढं केलं, कारण दोघांत कुणाचा हात चालतो ते एव्हाना उघड होतं. ग्रुपचं नाव ठेवलं 'न्यू तारांगण म्युझिकल ग्रुप'.

"न्यू काऊन? जुनं कुठं होतं?" तानबाने विचारलं.

"बोर्डावर भारी दिसते," भैय्याजी म्हणाला, आणि विषय तिथंच संपला.

एप्रिलमध्ये सिंदी मेघेत जयंती, भाद्रपदात सेलूत गणपती, कोजागिरीला आर्वी, पुलगाव, कुठंही. तेच तीन पांढरे शर्ट, तोच एक भोंगा. आर्वीला एकदा तानबाचं कडवं संपल्यावर रूपरावने गिटारवर जो मधला तुकडा वाजवला, त्यावर लोकांनी गाणं पुढं जाऊच दिलं नाही. तोच तुकडा तीनदा वाजवायला लावला. तानबा माइक धरून नुसता हसत उभा राहिला. परतताना ट्रकच्या मागच्या भागात बसून रूपरावने आपली बोटं बघितली. तारांनी टोकाला घट्टे पडले होते. ते त्याला दागिन्यासारखे वाटले.

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर तो एका शेतात मोटार बसवायला गेला होता. मोटारीचा चालू पट्टा नीट बसवायला हात गेला, आणि पट्ट्याने दोन बोटं ओढली. क्षणभराचंच काम. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी भैय्याजी आणि तानबा आले. भैय्याजीने बरोबर रूपरावची गिटार आणली होती. त्याला वाटलं, बघून बरं वाटेल. रूपरावने भिंतीकडे तोंड केलं.

जखम भरल्यावर त्याने एकदा प्रयत्न केला. थोटं पेर तारेवर टेकलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, आणि सूर तर दाबलाच जात नव्हता. हिंगणघाटचा एक ऑर्केस्ट्रा त्या दिवसांत वर्ध्यात आला होता. रूपराव त्यांच्या मुक्कामी गेला आणि गिटार त्यांच्यापुढं ठेवून म्हणाला, "घेऊन जा बावा. चांगली वाजते." पुन्हा ती कुणाला दिसली नाही.

भांडण झालं नाही, कुणी ग्रुप बंद केला असंही नाही. एका रविवारी रूपराव गेला नाही, नंतरच्याही गेला नाही, एवढंच. भैय्याजी दुकानात बसायला लागला, तानबा शेतीत गेला. लग्नाकार्यात तिघं भेटायचे. कापूस, पोरंबाळं, कुणाची शुगर, सगळं बोलून व्हायचं. त्या एका गोष्टीला कुणी हात लावायचा नाही.

पंच्याण्णवला रूपरावचं लग्न झालं. बायको पुलगावची, ज्योत्स्ना. तिला एवढंच सांगितलं होतं की मुलगा हुनरी आहे, हाताला काम आहे. ती बघायची, टीव्हीवर गाणं लागलं आणि त्यात गिटार वाजायला लागली की हा माणूस उठून टाकीतलं पाणी बघायला जातो. तिने समजूत करून घेतली की यांना गाण्याबजावण्याचा कंटाळा आहे. मुलगी नंदिनी शाळेच्या स्नेहसंमेलनात गायला उभी राहिली तेव्हाही हा गेला नाही. त्यावरून ज्योत्स्ना आठ दिवस बोलली नव्हती.

मागच्या दिवाळीनंतर भैय्याजीच्या मुलाने सेलूचं दुकान नव्याने बांधायला काढलं. माळ्यावरचं सामान उतरवताना धोतरात गुंडाळलेली एक लांब पेटी निघाली. भैय्याजीने ती उघडली आणि गाडीत टाकून तसाच सिंदी मेघेला आला. रूपराव टेबलावर वाकून मोटारीत वेढे भरत होता.

पेटीत गिटार बघून त्याचा चेहरा उतरला. "थट्टा करून राह्यला का मायी?"

"आयक तर खरं," भैय्याजी म्हणाला. "ही आमच्या अण्णाजी काकाची. हवाईन गिटार. मांडीवर आडवी ठेवून वाजवतेत. बोटानं तार दाबाच लागत नाई. लोखंडाची कांडी धरायची आन् तारेवरून फिरवायची. कांडी धरासाठी तुयी बोटं पुरतेत."

रूपरावने हातातलं तारेचं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाला, "भैय्या, तवा बी हे तुमच्या घरीच होतं?"

"हाव."

"तीस वर्षं माळ्यावर?"

"काका वाजवे तवा आपण हासत होतो बे," भैय्याजी म्हणाला. "म्हातारेयचा बाजा म्हणत होतो. तुया बोटायचं झालं तवा डोक्यातच आलं नाई. आज पेटी उघडली आन्..." साठीचा माणूस दुकानातल्या स्टुलावर बसून लहान पोरासारखं रडला.

रूपराव उठला नाही. "ठेवून जा," एवढंच म्हणाला. दोन दिवस त्याने पेटीकडे पाहिलं नाही. त्याला राग आला होता, पण कुणाचा ते नेमकं सांगता येत नव्हतं. भैय्याजीचा म्हणावा तर तो बिचारा रडून गेला होता. पट्ट्याचा म्हणावा तर तो केव्हाच भंगारात गेला असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा त्याने गिटारच्या तारांखालची डबी उघडली. आतली तार तुटलेली होती. हात आपोआप कामाला लागले. बारीक तारेचं रीळ काढलं, वेढे मोजत बसला. पाच हजार. मग एका जुन्या मोटारीच्या दांड्याचा तुकडा लेथवर फिरवून त्याची कांडी केली आणि कागदाने घासून आरशासारखी लख्ख केली.

शिकणं सोपं नव्हतं. जुन्या गिटारमध्ये पट्टीमागे बोट ठेवलं की सूर आपसूक नेमका यायचा. इथं कांडी केसभर सरकली की बेसूर. पहिला महिना नुसत्या मांजरी ओरडत होत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत दार लावून तो बसायचा. ज्योत्स्नाला वाटायचं, हंगाम आहे, काम वाढलं. तिसऱ्या महिन्यात एकदा भैय्याजी दाराबाहेर उभा राहून ऐकत होता. आत आला आणि म्हणाला, "तानबाले फोन लावू का?"

फेब्रुवारीत तानबाच्या नातीचं बारसं होतं. तानबा फोनवर ओरडलाच, "रूप्या, खरं सांगून राह्यला का? मंग बाजा घेऊनच येजो. पण एक आयक, काळी दोन आता जमत नाई. पांढरी एकवर उतरलो मी."

"मायी बोटं उतरली, तुया गळा उतरला," रूपराव म्हणाला. "बराबर जमते."

ज्योत्स्नाला त्याने सांगितलं फक्त बारशाचं. पेटी आधीच भैय्याजीच्या गाडीच्या डिकीत ठेवून दिली होती. त्या गाडीतून ते रोहण्याला पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अंगणात मांडव होता, सगळी घरचीच माणसं, साठ-सत्तर असतील. बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि बायका पाळण्याशी बसल्या. मग तानबाने खुर्च्या लावायला सांगितलं.

सुरुवात वाईट झाली. जाड तारांच्या गिटारवर भैय्याजी ठेका चुकला, तानबा पहिल्याच ओळीत शब्द विसरला आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायला लागले. रूपराव हसला नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. दुसऱ्यांदा सुरू केलं, आणि कडवं संपल्यावर त्याने कांडी तारेवर टेकवून वर नेली. आर्वीचा तो तुकडा होता, पण तसा नव्हता. तेव्हा तो टपटप गारांसारखा पडायचा. आता सूर एकातून दुसऱ्यात ओघळत होता, थांबत होता, जरासा थरथरत होता. तानबा माइक खाली करून ऐकत राहिला, आणि पुढची ओळ त्याने एक आवर्तन उशिरा उचलली.

चार गाणी झाली. पाचव्याला बाळ रडायला लागलं आणि कार्यक्रम संपला. कुणी फार टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा रूपरावजवळ येऊन त्याच्या थोट्या बोटांकडे बघत म्हणाला, "पट्ट्यात गेली का?" आणि आपल्या हातावरचा तसलाच व्रण दाखवून निघून गेला.

ज्योत्स्ना मागे पाळण्याजवळ बसली होती, पुढचं तिला नीट दिसलं नव्हतं. घरी आल्यावर तिने विचारलं, "तानबाभाऊजीच्या मागून ती बाई कोण गाऊन राह्यली होती?"

"कोणती बाई?"

"आवाज येत होता ना. शब्द नव्हते, नुसता गळा. मले दिसली नाई ती."

रूपरावने दाराशी ठेवलेली पेटी आत आणली. मग पलंगावर बसला, पेटी उघडली आणि गिटार मांडीवर घेतली. आवाज मोठा करायचं यंत्र जोडलेलं नव्हतं, त्यामुळं आवाज अगदी बारीक आला. ज्योत्स्नाला जवळ सरकावं लागलं. तिने आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"हे तुमी होते?"

"हाव."

"अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाले," ती म्हणाली. "मले काऊन नाई सांगतलं?"

त्याने सांगितलं. सरकीचं गोदाम, सुतळी, ब्रेकची वायर, आर्वीची ती तीन आवर्तनं, हिंगणघाटच्या लोकांपुढं ठेवलेली गिटार. टाकीतल्या पाण्याचंही सांगितलं. नंदिनीच्या स्नेहसंमेलनाचं सांगताना मात्र तो अडखळला. त्याचं सगळं बोलून झाल्यावर ज्योत्स्नाने त्याचा डावा हात हातात घेतला, दोन्ही थोट्या पेरांवरून अंगठा फिरवला, आणि तो हात परत तारांवर ठेवला.

"मघाचं ते पुन्हा वाजवा," ती म्हणाली. "आता मी समोर बसते."