पायऱ्या न लिहिलेलं उत्तर

बेळगावच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि माझे एक सहकारी सर गणित. वर्तुळाचं लांबलचक समीकरण फळ्यावर लिहून ते विचारतात, "ह्यात केंद्र कुठं लपलंय?" मग पूर्ण वर्ग करत, एकेक पायरी मांडत ते शोधायचं. पायरी गाळलेली त्यांना खपत नाही.

एका चाचणीत वडगावच्या मुलीनं नुसतं केंद्र आणि त्रिज्या लिहिली. सरांनी भर वर्गात "कुणाचं बघून लिहिलंस?" म्हणत शून्य दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती येईना.

तिसऱ्या दिवशी सर माझ्याकडं आले. "तिच्या आजूबाजूच्या सगळ्यांची उत्तरं चुकल्यात. मग तिनं बघितलं कुणाचं? चला माझ्यासंगं."

वडगावात तिच्या घरी आम्हाला बघून तिच्या वडिलांनी यंत्रमाग बंद केला. मुलगी दाराआड उभी होती.

"उणे सहा एक्स होतं. केंद्रात तीन कसं आलं, सांग गं," सर म्हणाले.

"सहाचं अर्धं केलं, चिन्ह बदललं. दर वेळी तसंच येतंय की, सर."

"व्हय, येतंय." सर वडिलांकडं वळले. "अण्णा, पोरीनं कॉपी केली न्हाय. मी चुकलो."

वडील मागावरून उठले. "पोरीनं कॉपी केली असं गल्लीभर झालंय, सर. भाईर येऊन सांगा."

सरांनी कट्ट्यावरच्या बायकांपुढं उभं राहून तेच मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली. पण मला आठवतं ते त्या दिवशी तिच्या घरून परततानाचं. कोपऱ्यावरच्या नळाला माणसं होती. तिथं कुणी सांगा म्हटलं नव्हतं, तरी सर थांबले आणि पुन्हा म्हणाले, "मी चुकलो."