उपासाच्या दिवसाची गोळी

आमच्या चाळीसगाव तालुक्यात मांडे करणाऱ्या बायका पुष्कळ, पण केसरकाकूची सर कुणाला नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत ती कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवरच्या उलट्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. एक सुरकुती पडत नसे. मला तिचा अभिमान होता, आजही आहे.

पण काकूला मिरगी यायची. सत्याऐंशीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती चुलीशीच कोसळली, हात भाजला. नाकाला लावायला चप्पल घेऊन गल्ली धावली, सगळ्यांत पुढे माझी आई. चपलेनं मिरगी जात असती तर चपलांच्या दुकानात डॉक्टर बसले असते! तेव्हापासून आईनं, म्हणजे काकूच्या थोरल्या जावेनं, तिला विस्तवाजवळ फिरकू दिलं नाही. काकू पुरण वाटायची आणि खापराकडे बघत राहायची.

जळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. मिरगी थांबली, पण श्रावणात परत आली. पुढच्या श्रावणातही तेच. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, काकू श्रावणी सोमवार निर्जळी करते आणि पाणी नाही म्हणून गोळीही नाही. डॉक्टर रागावले नाहीत. औषध डोक्याला रोज पोचायला हवं, म्हणाले. परदेशात मेंदूतच औषध बसवायचे प्रयोग चाललेत, केळीच्या मुळाशी ठिबक असतं तसं थेंबथेंब सुटणारं. पण ते इकडे यायला काळ लागेल.

आमच्या केळीत नुकतंच ठिबक बसलं होतं. काकूला लगेच उमजलं.

"ते येवाले येळ शे ना? तवर मीच मनं ठिबक," ती म्हणाली. स्वतःच स्वतःचं ठिबक!

पुढच्या सोमवारी तिनं गोळी महादेवापुढे ठेवली, बेल वाहिला आणि तीर्थाबरोबर घेतली. तीर्थानं कुठे उपास मोडतो?

ब्याण्णवला माझं लग्न ठरलं, तोवर मिरगी पुन्हा फिरकली नव्हती. कुणी सोबत असेल तर चुलीशी बसायला डॉक्टरांचीही हरकत नव्हती. तरी आई ऐकेना. मी हट्टच धरला, मांडे काकूच्या हातचे, नाहीतर पंगतीत नुसता वरणभात वाढा.

लग्नाच्या दिवशी खापर तापलं. आईनं काकूला हाक मारली आणि तिच्या शेजारी स्वतः पाट टाकून बसली. एकेकाळी चप्पल घेऊन धावणाऱ्या आईच्या हातात पाण्याचा तांब्या आणि गोळी होती.

"केसर, पयले गोळी ले. मंग मांडा टाक."

काकूनं गोळी घेतली, पदर खोचला. भाजल्याचा डाग असलेल्या त्याच हातावरून पहिला मांडा खापरावर उतरला. एक सुरकुती नव्हती.