शिडीखाली राहिलेले गमबूट

माझ्या आईचे पाय सिमेंटनं खाल्ले.

लोक सांगतात, "सुमनबाई शुगरनं गेली." ठेकेदारही तेच सांगत फिरतो. त्याला सोयीचं आहे ते.

आज वर्ष झालं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आई मोताळ्यात स्लॅबच्या गँगमध्ये होती. डोक्यावर घमेलं, घमेल्यात ओला माल, दिवसभर. बसमधून जाताना खिडकीतून बोट दाखवायची.

"हा स्लॅब माह्या. तो बी माह्याच."

जणू सातबारा हिच्याच नावावर!

ओलं सिमेंट कातडी खातं, हे फार लोकांना माहीतच नसतं. बोटांच्या बेचक्यात भोकं पडतात. बाया त्यावर हळद-तेल लावतात आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर.

मी मेडिकलच्या दुकानात काम करते. आईची शुगर मला माहीत, पाय बधिर झालेत हेही माहीत. भांडून भांडून तिला गमबूट घेऊन दिले. बायकांच्या मापाचे कुठे मिळेचनात. शेवटी जेन्ट्समधला सगळ्यात लहान नंबर घेतला आणि आत मोजे कोंबले.

पहिल्या दिवशी साडी वर खोचून अंगणात मिरवली.

"पाह्य ना वं, फौजदारीन दिसून राह्यली ना मी?"

हसून हसून पोट दुखलं आमचं. पण घालायची. रोज घालायची.

त्या दिवशीही घालूनच गेली होती.

स्लॅब भरायच्या आधी घरमालकानं वर पूजा ठेवली. लोखंडाला हळद-कुंकू, नारळ, अगरबत्ती. मिस्त्री ओरडला, "चपला-बूट खाली काढा रे सगळे!"

पुढचं मला शांतामावशीनं सांगितलं. आईची गँगमधली मैत्रीण. ती आईला म्हणाली होती, "सुमे, आपुन कुठी पूजा करतो वं? तू काऊन काढून राह्यली?"

आई म्हणाली, "त्याचं घर व्हाचं हाये माय. त्याच्या मनाले काऊन लागू द्याचं?"

आणि बूट शिडीखाली ठेवले.

नारळ फुटला, लगेच मिक्सर सुरू. स्लॅब अर्ध्यात थांबवला तर सांधा राहतो, पुढे गळतो. म्हणून कोणाला खाली उतरू देत नाहीत. शांतामावशीनं मिस्त्रीला बुटांचं विचारलं, तर म्हणे, "आता राहू द्या. एका दिवसानं काय होते?"

संध्याकाळपर्यंत आई ओल्या मालात अनवाणी.

तिला काही दुखलंच नाही. तीच तर भानगड झाली. घरी आली, पाय धुतले, जेवली, झोपली. सकाळी बघते तर बोटं काळी पडलेली.

बुलडाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाय कशानं भाजले?"

"भाजले नाई साहेब," आई म्हणाली. "स्लॅब होता."

आधी बोटं काढली. मग गुडघ्याखालून पाय काढला. मग विष रक्तात गेलं.

शेवटी शेवटी शुद्धीत आली की एकच विचारायची, "माहे बूट आणले का वं तिथून?"

आणले होते, आई. कोरडे ठाक होते. एक शिंतोडा नव्हता त्यांच्यावर.

मला पूजेचा राग नाही. खरंच नाही. ज्याचं घर त्याची श्रद्धा. पण नारळ फुटल्यावर "चला, बूट घाला" एवढं बोलायला कोणाच्या बापाचं काय जात होतं? आजही लिहिताना डोकं फिरतं माझं.

आई गेल्यावर विहारात पुण्यानुमोदन केलं, त्या दिवशी मी गँगमधल्या बायांना गमबूट दिले.

मध्यंतरी शाळेमागून जात होते. एका बांधकामावर शिडीखाली तेच बूट ओळीनं ठेवलेले दिसले. वर बाया अनवाणी.

मी सरळ मिक्सरपाशी गेले. "बंद कर."

"ओ ताई, पागल झाल्या काय? स्लॅब खराब होईन!"

"होऊ दे. आधी बाया खाली येतीन, बूट घालतीन, मग चालू कर."

शिव्या खाल्ल्या, पण हटले नाही. बाया उतरल्या. नळी घेऊन मी शांतामावशीचे पाय धुतले, बेचक्यांतून बोटं फिरवून. ती रडायला लागली. मीही.

आज सकाळी विहारात वंदना होती. शांतामावशी कामावर जाता जाता आली. दाराबाहेर गमबूट काढले. आत येऊन आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली.

मग बाहेर आली, बूट परत घातले आणि स्लॅबवर गेली.

एवढंच तर करायचं होतं वं माय. एवढंच.

जयभीम, आई. तुझ्या पायांना तुझ्या लेकीचं वंदन.