साडभाऊंनी बांधलेलं घुंगरू

माझ्या साडभाऊंनी जन्मात जे जे म्हणून बांधलं, ते ते पुन्हा कुणाला सोडता आलं नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दिग्रसला त्यांची मेटाडोर होती. तिच्यावर डोंगराएवढा कापूस लादून ते असा दोर आवळत, की गाडी उलटली तरी बोंड हलू नये. हे अर्थात त्यांचंच म्हणणं. घरात लोणच्याच्या बरणीचं फडकं असो की पाहुण्याला दिलेला डबा, सगळ्याला त्यांची दुहेरी गाठ. आमच्या लग्नात उपरण्या-शालूची गाठ मारायचा मान त्यांनी हट्टानं घेतला, आणि शेवटी शालूचा पदर कातरावा लागला. वर मलाच म्हणाले, "भाऊ, आता सात जन्म फिकीर नाई."

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या नि आमच्या पोरांना दर उन्हाळ्यात समुद्रावर न्यायचे. म्हणजे धरणावर. पाणी मागे सरकलं की तिथं वाळूचा पट्टा उघडा पडतो. मेटाडोरच्या ताडपत्रीचा तंबू ठोकायचा आणि दोन दिवस मुक्काम. पोरं खट्टू होऊ नयेत म्हणून बादलीत मूठभर मीठ कालवून म्हणायचे, "चाखा रे पोट्टेहो! खारं हाय का नाई? मंग समुद्र नाई तं काय हाय?" आणि पाण्याकडे सोडण्याआधी प्रत्येक पोराच्या कमरेला बैलाचं, पोळ्यातलं घुंगरू बांधायचे. मग पाण्याकडे पाठ करून गोवऱ्यांवर रोडगे भाजत बसायचे. "डोये फसतात भाऊ, कान नाई फसत." खरंच, मागं वळून न बघता ओरडायचे, "धाकटे, ओल्यात काहून बसली वं? ऊठ!" आणि त्यांची धाकटी लेक खरोखरच ओल्यात बसलेली असायची.

एके वर्षी शेजारी एक मोटार येऊन थांबली. चांगली माणसं होती, गॉगल-बिगल लावलेली. त्यातली बाई हसून नवऱ्याला म्हणाली, "बघ ना, मुलांना बैलांसारखं सजवलंय!" नवरा मोबाइलवर फोटो काढू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी यवतमाळला कचेरीत बसणारा माणूस. माझ्या मुलाला, तेव्हा तो चार वर्षांचा होता, तंबूआड बोलावलं. गाठ सोडू लागलो. नखं दुखली, सुटेना. शेवटी खरबुजाच्या सुरीनं दोरी कापली आणि घुंगरू खिशात घातलं. मुलगा पळाला. मी त्या लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिलो.

साडभाऊ चुलीपासून उठले ते एवढंच म्हणत, "एक आवाज कमी येऊन राह्यला."

वाळू संपते तिथं वरून वाळलेला, आतून पातळ असा गाळ असतो. मुलगा छातीपर्यंत रुतला होता. साडभाऊ पोटावर सरपटत गेले, त्याला उपसून माझ्याकडे ढकललं. त्या ढकलण्यानं ते स्वतः खाली गेले. मी मुलाला कवटाळून उभा. भोई लोक डोंगा घेऊन आले तोवर उशीर झाला होता.

ताडपत्रीवर त्यांना निजवलं तेव्हा ताईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मुलाची रिकामी कंबर पाहिली. विचारलं, "भाऊजी, गाठ सुटली का हो त्यायची?"

मी मान हलवली. हो, अशी.

त्या एका मानेवर मी इतकी वर्षं काढली. दिग्रसचे ड्रायव्हर लोक अजून हळहळतात, "जिंदगीभर बांधलं बावानं, अन् पोराची तेवढी कच्ची निंगाली." ताई तर त्यांच्या फोटोशी भांडायची, "हात थकले होते तं मले सांगाचं होतं." मी ऐकायचो आणि चहा प्यायचो.

गेल्या महिन्यात दिग्रसला गेलो आणि ते घुंगरू ताईसमोर ओसरीवर ठेवलं. दोरी एका बाजूनं कापलेली, दुसऱ्या बाजूला गाठ जशीच्या तशी. सगळं सांगितलं. ताईनं कापलेल्या टोकावर बोट फिरवलं.

"कायनं कापली?"

"खरबुजाच्या सुरीनं."

"अन् मी त्यायले बोलत राह्यली," ती म्हणाली. मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं चहाचंही विचारलं नाही. मी चपला घातल्या तेव्हा म्हणाली, "पोट्ट्याले घेऊन या एक डाव. त्याले हे तुमच्याच तोंडानं कळू द्या."

फाटकाशी येऊन मागं पाहिलं. ती उजेडाकडे वळून गाठीत नख घालत होती. एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्याकडे नाही, आतल्या फोटोकडे बघत म्हणाली, "पाहा, अजून सुटून नाई राह्यली."