प्रॉम्प्टरने दिलेलं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक खोली दिसते. खाटेवर नवीकोरी चादर, टेबलावर रंगीत पेन्सिलींची न उघडलेली पेटी आणि खुर्चीच्या अगदी टोकाला बसलेली दहा वर्षांची नात. समोर आमचे कुजबुजराव.

आमच्या नाटक कंपनीत ते तीस वर्षं प्रॉम्प्टर होते. विंगेत वही घेऊन बसायचे आणि नट अडखळला की हळूच पुढचं वाक्य द्यायचे. माझी अब्रू त्यांनी किती वेळा वाचवली, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पुढे कंपनी बंद पडली, बायको गेली, मुलगी परदेशात स्थायिक झाली. त्या घरात बोलायला कुणी उरलंच नाही.

नातीला मराठी येत नाही म्हणून सत्तरीत त्यांनी इंग्रजीचा क्लास लावला. शेवटचा धडा अपेक्षाभंगाच्या वाक्प्रचारांचा होता. ‘डॅम्प स्क्विब’ म्हणजे सादळलेला फटाका. ‘नॉट ऑल इट्स क्रॅक्ड अप टु बी’ म्हणजे गाजावाजाच फार, प्रत्यक्षात विशेष काही नाही. वही दाखवत मला म्हणाले, "नटवर्य, तुमच्या निम्म्या भूमिकांचं वर्णन आहे हो हे!"

मायलेकी आठ दिवसांसाठी आल्या. दुसऱ्याच सकाळी मी भेटायला गेलो, तर बॅगा भरून दाराशी.

"बाबा, ती इथे रमत नाहीये हो," मुलगी म्हणत होती. "हॉटेलात राहतो आम्ही. मधूनमधून येऊ ना."

कुजबुजरावांनी नातीलाच तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, घर आवडलं नाही का?

"मम्मी सेड इट्स द बेस्ट हाउस... बट इट्स... इट्स..."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांना दुखवायचं नव्हतं आणि खोटंही बोलवत नव्हतं.

अडलेलं माणूस कुजबुजरावांना कधीच बघवलं नाही. किंचित पुढे झुकून ते पुटपुटले, "नॉट ऑल इट्स क्रॅक्ड अप टु बी."

तिचा चेहरा उजळला. तिनं अख्खं वाक्य खणखणीत म्हटलं.

"अगं, काय बोलतेस!" आई ओरडली.

"तिला रागावू नकोस. वाक्य माझं आहे."

टॅक्सी वळून दिसेनाशी झाली तरी ते खिडकीशीच उभे होते. मी जवळ गेलो. जन्मभर टाळ्यांची वाक्यं म्हटलेला मी, मला एक शब्द सुचेना. शेवटी तेच, मागे न वळता, म्हणाले,

"आवाज ऐकलात पोरीचा? शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल."